माल कुठंय ते सगळ्यांना दिसतं. गाडी गेटबाहेर किती वेळ उभी होती ते कोण बघतं?

चौदाटायर

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या दोन गाड्या आहेत, चौदा टायरी. एक मोठा भाऊ स्वतः चालवतो, दुसरीवर गावातलाच ड्रायव्हर आहे. सिन्नरच्या एमआयडीसीतून माल भरायचा, चाकण, बंगळूर नाहीतर चेन्नईला टाकायचा आणि तिकडून परतीचं भाडं मिळेल ते घ्यायचं. फास्टॅग, ई-वे बिल, विमा, पासिंग, पार्ट्यांचे हिशेब हे सगळं मी घरून बघते.

गेल्या दहा वर्षांत या धंद्यात जेवढं नवं आलं तेवढं वडिलांच्या सबंध हयातीत आलं नसेल. नाके गेले, कागद मोबाइलमध्ये आले, टोल आपोआप कापला जातो, गाडी कुठं आहे ते मला स्वयंपाकघरातून दिसतं. हे सगळं मला हवंच आहे. पण महिन्याच्या शेवटी फेरे मोजते तेव्हा ते वाढायला हवे होते तेवढे वाढलेले नसतात. रस्त्यावर वाचलेला वेळ कंपनीच्या गेटबाहेर जातो. माल उतरवून घ्यायला गाडी दीड-दीड दिवस उभी ठेवतात आणि त्याचा पैसा कुणी देत नाही.

दोन प्रश्न आहेत. परतीच्या भाड्यासाठी भाऊ अजून चेन्नईत माधवरमच्या जुन्या एजंटावर अवलंबून आहे. लोड देणाऱ्या अ‍ॅपवर जावं का? आणि दुसरा, जरा मोठा: आपल्यासारख्या देशांत मालवाहतूक अशी डिजिटल झाली त्याचा फायदा नेमका कुणाच्या पदरात पडला? मालाच्या मालकाच्या, गाडीवाल्याच्या, की मधल्याच्या?

घाटवाट

गेटबाहेरच्या वेळेचं अगदी खरं आहे. वाचतोय, सगळ्यांनी लिहा.

मुलुंडचेकनाका

ताई, जुनं सांगतो म्हणजे फरक कळेल. मी मुलुंडच्या जकात नाक्यावर एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून होतो. मुंबईत माल घेऊन शिरणाऱ्या ट्रकला तिथं थांबून जकात भरावी लागे. एका गाडीत दहा पार्ट्यांचा माल असला की दहा बिलं आणि मालागणिक वेगळे दर. एक बिल कमी पडलं तर सगळी गाडी बाजूला. दहिसर, ऐरोली, मानखुर्द, सगळीकडे तीच तऱ्हा. रात्री रांग ठाण्याच्या दिशेनं मागं मागं सरकायची आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायचे. राज्यातल्या इतर शहरांत जकात आधीच गेली होती, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, मग तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत टिकली. नाका बंद झाला तशी आमची नोकरी गेली, तरी सांगतो, झालं ते चांगलं झालं.

तेव्हा गाडीवाल्याच्या पदरात काहीच पडलं नाही असं म्हणू नका. फक्त त्याचं श्रेय कॉम्प्युटरला देऊ नका. कायदा बदलला म्हणून नाका उठला.

आकडेमोड

@मुलुंडचेकनाका, अर्धं पटलं. कायदा बदलला तरी रस्त्यातला माल तपासायची सरकारची गरज संपली नव्हती. ती ई-वे बिलानं भागवली. ते ऑनलाइन नसतं तर नाके दुसऱ्या नावानं परत उभे राहिले असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर जाणार असेल तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन कागद, लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. भाग अ मध्ये माल, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. आधी १०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळायची, १ जानेवारी २०२१ पासून तोच एक दिवस २०० किलोमीटरला मिळतो. म्हणजे गाडी भरधाव धावणार हे सरकारनं गृहीत धरलं.

अडचण इथं आहे. बिल बनवतो मालाचा मालक, चुकतो त्याचा कारकून, आणि अडकते गाडी. करपात्र माल पकडला तर कराच्या दुप्पट दंड आहे, आणि तो भरेपर्यंत ट्रक सहसा हलत नाही. ट्रकचा हप्ता मात्र चालूच. एक गोष्ट ड्रायव्हरांना आवर्जून सांगा: नावातली स्पेलिंगची चूक, पत्ता बरोबर असताना पिनकोड चुकणं, गाडीच्या नंबरातला एखाददुसरा अंक चुकणं, अशा किरकोळ चुकांना केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० एवढाच दंड घ्यावा असं १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक आहे. त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता रस्त्यावर तुमची बाजू मांडायला दुसरं कुणी नसतं.

चौदाटायर

@आकडेमोड, परिपत्रक लगेच डाउनलोड केलं, मनापासून आभार. आमचा त्रास वेगळाच असतो. सिन्नर ते चाकण म्हणजे एका दिवसाच्या मुदतीतला पल्ला. गाडी वेळेत पोचते, गेटवर रांग असते, आणि ई-वे बिलाची मुदत रांगेत संपते. कंपनीचा गेटवाला म्हणतो, मुदत संपलेलं बिल आत घेणार नाही. म्हणजे उशीर त्यांच्याकडे, आणि धावपळ आमची.

आकडेमोड

मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, या वेळात ती वाढवता येते. वाहतूकदार म्हणून तुमचा नंबर बिलात घातलेला असेल तर तुम्हीच वाढवू शकता. पोर्टल कारण विचारतं. रांगेचं कारण स्पष्ट लिहा, ती नोंद पुढं उपयोगी पडेल.

तिसरा_गिअर

मी स्वतः गाडी चालवतो, एकच आहे, बारा टायर. लोडच्या अ‍ॅपवर चार वर्षं होत आली, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

अनोळखी गावात गाडी रिकामी झाली की अ‍ॅपचा खरा उपयोग. पूर्वी रायपूरला माल उतरला की ट्रान्सपोर्ट नगरात जाऊन फळ्यावरचे दर बघायचे आणि ऑफिसागणिक चहा पीत बसायचं. आता गाडी उतरत असतानाच पुढचं लोड दिसतं. दर काय चाललाय तेही कळतं, त्यामुळे एजंट अगदीच पाडून मागू शकत नाही. हा फायदा नक्की आहे.

पण अ‍ॅपवर लोड टाकणारे निम्म्याहून जास्त लोक तेच जुने एजंट असतात. एकच लोड तिघांनी तीन दरांनी टाकलेलं असतं. बुकिंगसाठी टोकन मागणारे भामटेही असतात; पैसे घेतले की फोन बंद. माझा नियम ठरलेला आहे: माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि अ‍ॅडव्हान्स हातात आल्याशिवाय दोरी बांधायची नाही.

भावाला सांगा, माधवरमचा माणूस सोडू नका. अ‍ॅप दर बघायला ठेवा, आणि एजंटाकडे त्या दिवशी माल नसेल तेव्हा वापरा.

पोचपावती

@तिसरा_गिअरनी एजंटांबद्दल निदान दोन बरे शब्द लिहिले, म्हणून मीही लिहिते. माझे वडील जालन्याला तीस वर्षं बुकिंग एजंट होते. एजंट म्हणजे मधल्यामधे खाणारा, असं सरसकट म्हटलं जातं त्याचं वाईट वाटतं.

अनोळखी गाडीवर वीस लाखांचा माल कोण चढवून देतो? व्यापारी गाडीवाल्याला ओळखत नाही, तो एजंटाला ओळखतो. माल पोचला नाही तर व्यापारी वडिलांच्या दारात यायचा. भाड्याचे उरलेले पैसे पार्टीनं थकवले तर ड्रायव्हरही वडिलांच्याच दारात यायचा, आणि बाबांनी कित्येकदा स्वतःच्या खिशातून देऊन नंतर वसूल केलेत. गाडी सोलापूरच्या पुढं बंद पडली तर दुसरी गाडी लावून द्यायची, ड्रायव्हरला अपघात झाला तर रात्री पोलीस ठाण्यात जायचं, हे सगळं त्याच कमिशनमध्ये यायचं. अ‍ॅपनं दर दाखवायचं काम घेतलं. जबाबदारीचं काम कुणी घेतलंय ते मला अजून दिसलेलं नाही.

नैरोबीहून

@पोचपावती, तुमचा शेवटचा मुद्दा इथं आफ्रिकेत अक्षरशः प्रयोग करून सिद्ध झालाय. मूळचा पुण्याचा, नैरोबीत फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल पाठवायची व्यवस्था करायच्या कामात आहे.

नायजेरियात कोबो३६०, केनियात लोरी, सेंडी अशा ट्रकला लोड मिळवून देणाऱ्या ऑनलाइन कंपन्या निघाल्या. ट्रकवाल्याला त्यांचा प्रस्ताव सोपा होता: आमच्याकडून लोड घे, पैसे लगेच देतो. मालाचा मालक मात्र पैसे द्यायला महिना-दोन महिने घेतो. मधली तूट कंपनीनं आपल्या भांडवलातून भरायची. म्हणजे तंत्रज्ञान कितीही चांगलं असलं तरी आत धंदा उधारीचाच होता. बाहेरून भांडवल येत होतं तोवर चाललं, ते आटल्यावर ताण आला. सेंडी २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा कुठल्याही अ‍ॅपला पहिला प्रश्न हाच विचारायचा: पैसे कोण देणार आणि कधी?

याउलट ज्या गोष्टी टिकल्या त्या साध्या होत्या. २००७ मध्ये एम-पेसा आलं, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, अगदी साध्या फोनवर. मालकाला ड्रायव्हरच्या हाती वाटखर्चाची गड्डी द्यावी लागेनाशी झाली. डिझेलला, पंक्चरला, जेवणाला लागतील तसे पैसे वाटेत पाठवता येतात. रस्त्यावरची लूट आणि हिशेबाची भांडणं दोन्ही कमी झाली. माझ्या मते पूर्व आफ्रिकेतल्या ट्रकवाहतुकीला याच्याइतका हातभार दुसऱ्या कशाचाच लागलेला नाही.

घाटवाट

@नैरोबीहून, मोंबासा बंदरातून युगांडा-रवांडाला जाणारा माल तुमच्याच वाटेनं जातो ना? सीमेवर काय असतं?

नैरोबीहून

हो. मोंबासा, नैरोबी, मलाबा, मग कंपाला. युगांडा आणि रवांडाला समुद्र नाही, त्यामुळे युगांडाचं तेल, औषधं, यंत्रं बहुतेक याच वाटेवर अवलंबून, रवांडाचाही काही माल इथूनच जातो. पूर्वी मलाबाच्या सीमेवर दोन्ही देशांचे कागद वेगवेगळे व्हायचे आणि ट्रक कित्येक दिवस पडून राहायचे. माल वाटेतच केनियात विकला जाऊ नये म्हणून जोखमीच्या मालाबरोबर माणसं पाठवावी लागत. २०१४ पासून कस्टमचे सोपस्कार मोंबासालाच उरकायला लागले. २०१७ मध्ये केनिया, युगांडा आणि रवांडानं एकत्र इलेक्ट्रॉनिक सील आणलं. कंटेनरला ते लावलं की वाटेत उघडलं किंवा ट्रक ठरलेला रस्ता सोडून गेला तर तिन्ही देशांच्या कचेऱ्यांत इशारा जातो.

पण चौदाटायर ताईंचा मुद्दा इथंही लागू आहे. २०२० मध्ये कोविडच्या तपासण्या सुरू झाल्या तेव्हा मलाबाला ट्रकची रांग कित्येक किलोमीटर मागं गेली होती, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा. प्रत्येक सील चालू होतं, प्रत्येक ट्रक नकाशावर दिसत होता. ड्रायव्हर मात्र रस्त्याच्या कडेला पाण्यावाचून बसले होते.

निफाडकर

द्राक्षं आहेत माझी, युरोपला जातात. शेतकऱ्याच्या बाजूनं लिहितो.

मालाचा माग ठेवणं आम्हाला नवं नाही. ग्रेपनेट (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी नोंद) हे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, म्हणजे अ‍पेडाचं काम लोड अ‍ॅपच्या किती तरी आधीचं. निर्यातीच्या प्लॉटची दर हंगामात कृषी खात्याकडे नोंदणी, फवारणीची नोंदवही, काढणीआधी प्लॉटवर येऊन नमुना, प्रयोगशाळेत फवारणीच्या अंशांची तपासणी, मग पॅकहाउस. युरोपातल्या दुकानातली पेटी कुणाच्या कुठल्या प्लॉटातली ते मागं शोधता येतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांमुळे आपले कंटेनर तिकडे अडकले तेव्हा निफाड-दिंडोरीत किती घरं बसली ते मी पाहिलंय. तो रेणू तपासणीच्या यादीत नव्हता. म्हणजे यंत्रणा तेवढंच पाहते जेवढं पाहायला तिला सांगितलेलं असतं.

आता मुद्द्याचं. कंटेनरमध्ये माल भरताना तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवतात. तिकडे माल खराब निघाला की आयातदार त्याचा आलेख काढतो आणि पैसे कापतो. तो आलेख शेतकऱ्यापर्यंत क्वचितच येतो. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. माल जास्त दिवस पाण्यावर, आणि मण्यांचा टवटवीतपणा कमी. त्या वेळी तापमान कुठं चढलं, बंदरावर चढलं की जहाजावर, हे मला माझ्या मोबाइलवर दिसलं असतं तर निदान भांडता आलं असतं. नोंद झाली म्हणून फायदा होत नाही. ती नोंद कुणाच्या हातात आहे त्यावर फायदा ठरतो.

दुकानदार_अकोला

किराणा आहे आमचा. कंपन्यांचा माल आता अ‍ॅपवरून मागवता येतो, दर कधीकधी वितरकापेक्षा कमी. २०२२ च्या जानेवारीत राज्यातल्या वितरकांनी याच कारणावरून काही मालावर बहिष्कार टाकला होता. मी दोन्हीकडून घेतो. साबण, बिस्किटं अ‍ॅपवरून. पण सणाला उधारीवर माल वितरक देतो, मुदत संपलेली पाकिटं परत तोच नेतो. अ‍ॅपच्या गाडीवरचा पोरगा दर चार महिन्यांनी नवा असतो, त्याच्याशी कसलं बोलणार?

घाटवाट

निफाडकर, कांद्याचं काय? ई-नाम, म्हणजे शेतमालाचा ऑनलाइन लिलाव, येऊन बरीच वर्षं झाली की.

निफाडकर

१४ एप्रिल २०१६ ला सुरू झालं ते. विचार चांगला आहे: बाहेरगावच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी. पण लासलगावचा व्यापारी ट्रॉलीत हात घालून कांदा काढतो, दाबून बघतो, पत्ती बघतो, ओल बघतो आणि मग बोलतो. ते सगळं कागदावर उतरवायला बाजार समितीत प्रतवारीची नीट सोय हवी, आणि दिवसाला इतक्या ट्रॉल्या येतात की तेवढी सोय उभी करणं सोपं नाही.

किसान रेलची मात्र आठवण येते. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली गाडी सुटली. भाड्यात ५० टक्के अनुदान होतं. चार क्रेट असलेला शेतकरीही माल पाठवू शकत होता. अनुदान गेलं आणि गाड्याही आटल्या. तिथं अ‍ॅप नव्हतं, पण लहान माणसाला जागा होती.

चौदाटायर

थोडं हलकं लिहिते. आमच्याकडे फास्टॅगचा सगळ्यात जास्त उपयोग आई करते. घोटीचा टोल कापल्याचा मेसेज आला की ती भाकरीचं पीठ मळायला घेते. भाऊ दारात येतो आणि ताट तयार असतं.

तिसरा_गिअर

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आमच्या घरी त्याच मेसेजवर पोरं विचारतात, बाबा, काय आणलं?

बंदरवाट

उरणहून लिहितोय, जेएनपीएत, म्हणजे न्हावाशेवा बंदरात, कंटेनरच्या कामात आहे. न्हावाशेवाला २०१६ पासून कंटेनरवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी पट्टी) लावतात, लॉजिस्टिक्स डेटा बँक नावाचं काम. कंटेनर क्रमांक टाकला की तो बंदरात आहे, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) आहे की टोलनाक्यावरून गेला ते दिसतं. त्याआधी आयातदाराचा माणूस दिवसभर फोन फिरवत असे. निर्यातीचा कंटेनर बंदरात न्यायला लागणारा फॉर्म १३ पूर्वी हातात कागद घेऊन धावत नेत असत, तोही ऑनलाइन झाला. या सगळ्यानं कंटेनर लवकर हलतो, हे मी रोज बघतो.

आता निफाडकरांनी म्हटलं तेच माझ्या शब्दांत सांगतो. कंटेनर बंदरात किती तास राहिला याची सरासरी निघते, छापली जाते, त्यावर अधिकाऱ्यांना जाब विचारला जातो. ट्रेलरचा ड्रायव्हर पार्किंग प्लाझात आणि यार्डाबाहेर किती तास होता याची तशी सरासरी मी कधी छापलेली पाहिली नाही. ज्याचा आकडा निघतो त्याची सुधारणा होते.

कोरेगावकर

गेटवर उशीर का होतो याबद्दल एक शब्दही कुणी लिहिला नाही. माल उतरवणारी माणसं. आणि वाराई, म्हणजे माल उतरवायचे वरचे पैसे.

तिसरा_गिअर

मी लिहिणारच होतो. माल उतरवायचे पैसे ड्रायव्हरकडून रोख घेतात, पावती नाही. न दिल्यास गाडी तशीच उभी. आमच्या संघटना किती वर्षं ओरडताहेत: ज्याचा माल, त्याचा हमाल. फास्टॅगच्या जमान्यात हा एकच व्यवहार असा उरलाय ज्याचा कुठं मागमूस राहत नाही.

कोरेगावकर

@तिसरा_गिअर, घोषणा बरोबर आहे, पण एक गोष्ट वेगळी काढा. आमच्या सातारा जिल्ह्यातली हजारो घरं नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून राबून उभी राहिली. माझे चुलते त्यातलेच. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं झाली. मालक मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देतं. भविष्य निर्वाह निधी, दवाखाना, सगळं त्यातून. नोंदणी असलेल्या माथाडीची मजुरी मालाच्या मालकानं द्यायची असते, ड्रायव्हरनं नाही. जिथं मालक नोंदणी करत नाही तिथं बाहेरची माणसं घुसतात आणि ड्रायव्हरच्या खिशात हात घालतात. दोघांना एका नावानं ओळखू नका. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्याचं काम कुठल्याच अ‍ॅपनं हलकं केलेलं नाही, हेही या धाग्यात लिहिलं पाहिजे.

तिसरा_गिअर

हे वेगळेपण मला मान्य. पुढं बोलताना ध्यानात ठेवेन.

सातपुडा

सगळं वाचून एक वेगळं उदाहरण द्यावंसं वाटलं, कारण इथला सूर हळूहळू निराशेकडे चाललाय.

नंदुरबार जिल्ह्यात, डोंगरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता आहे. बाळांच्या लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. उष्णतेनं लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. काही लशी गोठल्यानंही निकामी होतात आणि डोळ्यांना चटकन कळत नाही, हे कमी लोकांना माहीत असतं. पूर्वी फ्रीजवरचा तापमापक सकाळ-संध्याकाळ बघून तक्त्यावर आकडा लिहायचा. रात्री वीज गेली तर मधल्या तासांत काय झालं ते कुणालाच ठाऊक नसे.

२०१५ मध्ये केंद्र सरकारनं यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या) मदतीनं ईव्हिन हे लशींचा साठा आणि तापमान बघायचं ऑनलाइन काम सुरू केलं, नंतर ते आमच्याकडेही आलं. फ्रीजमध्ये बसवलेलं यंत्र तापमान सतत पाठवतं. मर्यादा ओलांडली की मोबाइलवर संदेश येतो, मला येतो आणि जिल्ह्यालाही जातो. रात्री उठून लशी बर्फाच्या पेटीत हलवल्यात आणि त्या वाचल्यात. लसीकरणाच्या दिवशी संध्याकाळी किती वायल वापरल्या, किती उरल्या ते मोबाइलवर भरायचं. त्यामुळे शेजारच्या केंद्रात एखादी लस जास्त पडून आहे आणि आपल्याकडे संपत आली आहे हे जिल्ह्याला दिसतं आणि ती हलवता येते. पूर्वी आई तीन तास चालत यायची आणि लस नाही म्हणून परत जायची. असं परत जाणं कमी झालंय. डोंगरात रेंज नसते, तेव्हा खाली उतरल्यावर नोंद करतो.

इथं फायदा कुणाला झाला? बाळाला. का झाला? संदेश सगळ्यात आधी त्या माणसाला येतो ज्याला त्या क्षणी काही करता येतं. आणि तो आल्यावर मी काही केलं नाही तर मला विचारणारं कुणी तरी आहे. तुमच्या गेटवर हे दोन्ही नाही.

बंदरवाट

@सातपुडा, फार नेमकं लिहिलंत.

मुलुंडचेकनाका

ई-चलानबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मागच्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, राज्यभर वाहतूकदारांनी संप केला होता. माल उतरवायला जागा द्यायची नाही आणि उभ्या गाडीचा फोटो काढून दंड पाठवायचा, हे कसं चालेल?

धागा_व्यवस्थापक

ई-चलान हा मोठा विषय आहे, कृपया वेगळा धागा काढा. इथं मूळ प्रश्नाकडे वळू या.

आकडेमोड

मूळ प्रश्न गेटचा. सातपुडा यांनी जे लिहिलं त्यावरून सुचलेलं सांगतो.

चौदाटायर, तुमच्याकडे जीपीएस आहे, म्हणजे नोंद आधीपासून तुमच्या हातात आहे. गाडी कंपनीच्या आवारापाशी केव्हा पोचली आणि केव्हा निघाली याचा रिपोर्ट बहुतेक सेवांत काढता येतो. बिल्टीवर (वाहतुकीच्या पावतीवर) एक ओळ छापून घ्या: गाडी पोचल्यापासून २४ तासांनंतर प्रतिदिन अमुक इतकं हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे. दर पार्टीशी बोलून ठरवा आणि मान्यता ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पोच घेताना गेटवरच्या माणसाकडून आत-बाहेरची वेळ आणि शिक्का घ्या. बिलाबरोबर हे तिन्ही जोडा. पहिल्यांदा पैसे देणार नाहीत. पण लेखा विभागात दर महिन्याला हॉल्टिंगचा आकडा दिसायला लागला की गोदामवाल्याला जाब विचारणारा माणूस त्यांच्याच कंपनीत तयार होतो.

दुसरं, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. तेवढ्यात दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी आयकरात तो खर्च दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापा. मार्च महिन्यात त्याचा परिणाम दिसतो.

पोचपावती

यात भर. हॉल्टिंगचं बोलणं एजंटमार्फत लोड घेताना आधीच करा. बाबा म्हणायचे, गाडी भरायच्या आधी जे बोलाल ते भाडं, भरल्यावर बोलाल ती विनवणी.

घाटवाट

पण एकटी दोन गाड्यांची मालकीण हॉल्टिंग मागायला लागली तर कंपनी दुसरी गाडी बोलावेल. बाजारात गाड्या कमी आहेत का?

तिसरा_गिअर

@घाटवाट, हा धोका आहेच. म्हणून एकट्यानं मागू नये. सिन्नरला गाडीवाल्यांची संघटना असेल, सगळ्यांनी बिल्टीवर तीच ओळ छापावी. आणि प्रत्येकानं आपापल्या गाडीचे गेटवरचे तास एका ठिकाणी लिहावेत, कंपनीच्या नावासकट. कुठं गाडी चार तासांत मोकळी होते आणि कुठं दोन दिवस लागतात ते सगळ्यांना कळलं तर दोन दिवसवाल्याला आपण जास्त भाडं लावू. आमच्याकडच्या ग्रुपवर हे तोंडी चालतंच, फक्त लिहून ठेवत नाही.

नैरोबीहून

हे केलंत तर ते माझ्या मते कुठल्याही लोड अ‍ॅपपेक्षा मोलाचं होईल. एक साधी गुगल शीट पुरे.

चौदाटायर

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. माधवरमचे काका राहणार, अ‍ॅप दर बघायला घेणार. उद्यम नोंदणी आज केली, दुपारी बसले आणि झाली. भावाशीही बोलले. तो म्हणाला, संघटनेच्या पुढच्या बैठकीत बिल्टीच्या ओळीचा विषय काढतो, पाच-सहा जण तर लगेच तयार होतील. शीट मी बनवते. रकाने असे ठेवलेत: कंपनी, गाव, पोचल्याची वेळ, आत घेतल्याची वेळ, मोकळी झाल्याची वेळ, वाराई मागितली का, किती. आणखी काय हवं?

कोरेगावकर

माल उतरवणारे मंडळाचे नोंदणीकृत होते की नाही, तो रकाना घाला. आणि ड्रायव्हरसाठी पाणी आणि संडासाची सोय होती का, तोही.

तिसरा_गिअर

जीपीएसचा रिपोर्ट काढताना एक बघा. आवाराची हद्द नकाशावर आखताना फक्त गोदाम धरू नका, बाहेर जिथं रांग लागते तो रस्ताही आत घ्या. नाहीतर गेटबाहेरचे तास मोजलेच जात नाहीत.

चौदाटायर

हे लक्षात आलं नव्हतं. आज रात्री चाकणच्या हद्दी नव्यानं आखते, उद्या शीटची लिंक इथं देते.